मागे कोण सांभाळणार

लोर्नाने डेनिसचं मनगट धरलं आणि काचेची पेटी तिच्या हातून काढून घेतली.

"मेलाय तो, आई. पाय वर करून पडलाय. टाकून देते."

"मेलेला कोळी पाय पोटाशी ओढून घेतो. ही कात टाकतेय. तू अशी पेटी हलवलीस तर मात्र मरेल."

डेनिसने नाक मुरडलं. एकाहत्तराव्या वर्षी आईला सुचलेलं हे कोळी पाळायचं खूळ तिला पहिल्यापासून नापसंत होतं. लोर्नाने मात्र तीस वर्षं टूसॉन या वाळवंटी शहरात शाळेची बस चालवली होती. पावसाळ्यानंतर हे तळहाताएवढे केसाळ कोळी रस्ता ओलांडायला निघत, तेव्हा ती बस थांबवून त्यांना वाट देई. निवृत्तीनंतर एक पाळायचा, हे तेव्हाच ठरलं होतं. महिन्यापूर्वी डेनिसच्या गाडीतून रुडीच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊन तिने मादीच हवी म्हणून हट्ट धरला. मादी पंचवीस वर्षं जगते. रुडीने लोर्नाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं होतं, तेव्हाच तिला राग आला होता.

दुसऱ्या सकाळी तिने चिमट्याने कात बाहेर काढली, साबणाच्या पाण्यात भिजवली, कुंचल्याने पसरली आणि खात्री करायला भिंग लावलं. मादी असती तर पोटाच्या बाजूला आतून एक बारीक घडी दिसली असती. ती नव्हती. लोर्नाने तीनदा पाहिलं, मग रुडीला फोन लावला.

"हा नर आहे. मादी म्हणून माझ्या गळ्यात मारलास."



"बाई, तुम्ही पेटीत घालायला माती निवडत होतात, तेव्हा तुमच्या मुलीने सांगितलं. नर द्या, म्हणाली, चार-पाच वर्षांत आटोपेल. मला वाटलं, तुमचं घरात ठरलंय."

लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचे किती दिवस उरलेत ते लेकीने दुकानात उभ्या उभ्या परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्या मापाचा कोळीही निवडला होता.

रविवारी डेनिस आली, तिला लोर्नाने बसूही दिलं नाही.

"चार-पाच वर्षं? एवढीच धरलीस माझी?"

डेनिस ओशाळली, पण मागे हटली नाही.

"मग काय करू? शहाण्णव वर्षांची होईपर्यंत सांभाळणारेस? शेवटी माझ्याच गळ्यात पडणार. मला तर त्याच्याकडे बघवतही नाही."

"हे माझ्या तोंडावर सांगायचं होतंस."

"तू ऐकून घेतेस कुणाचं?"

लोर्नाने किल्ल्या उचलल्या. "चल. नर राहील घरात, त्याचा काय दोष. पण आज मादी आणणार."

दुकानात तिने रुडीला मादीची कात मागितली आणि स्वतःच्या भिंगाखाली घडी दिसल्यावरच मान हलवली. रुडीने पेटीला चिठ्ठी चिकटवली: जात, कात टाकल्याची तारीख, आणि खाली एक मोकळी ओळ, 'मागे कोण सांभाळणार'. मादी विकताना तो ती हमखास भरून घेई. पहिल्या पेटीवर ती ओळच नव्हती, हे लोर्नाच्या आत्ता ध्यानात आलं.

रुडीने पेन पुढे केलं. डेनिसने सुस्कारा सोडला, आपलंच नाव लिहिलं जाणार हे धरून.

"तुझंच नाव लिही, रुडी," लोर्ना म्हणाली. "आमच्या घरात हिला सांभाळणारं कुणी नाही."

रुडीने डेनिसकडे पाहिलं, मग स्वतःचं नाव लिहिलं.

"मला विचारायचं तरी," डेनिस हळूच म्हणाली.

"तू मला विचारलं होतंस?"

गाडी लोर्नाने चालवायला घेतली. पेटी मागे ठेवणार, तोच डेनिसने ती मांडीवर घेतली, तोंड खिडकीकडे फिरवून, दोन्ही हातांनी घट्ट धरून. घराजवळ खडबडीत रस्ता लागला.

"आई, हळू घे," डेनिस म्हणाली.

लोर्नाचा राग गेला नव्हता. तरी तिने वेग कमी केला.