‘एकट्याने’ हा शब्द तपासावा

संपादकसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी आयुष्यात एकच चूक केली, आणि तीही चूक दुरुस्त करताना.

त्यांचं साप्ताहिक छापायचं बंद होऊन वेबसाइटवर गेलं होतं. हवं ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, म्हणून सुनेनं पत्त्यातलं एक अक्षर गाळून वेळ भागवली. ते गाळलेलं अक्षर साहेबांना रोज सलायचं. एका सोमवारी सून कामावर गेल्यावर ते सेटिंगमध्ये शिरले, अक्षर जागच्या जागी बसवलं आणि समाधानानं चहा प्यायले. साइट दोन दिवस गायब झाली. शुद्धलेखन मात्र बरोबर होतं.

बुधवारी सुनेनं साइट ताळ्यावर आणली आणि सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसली.

“बाबा, मी तुमची भूमिका बदललीये.”

“माझी भूमिका चाळीस वर्षांत कुणाला बदलता आली नाही. भल्याभल्यांनी प्रयत्न केले.”

“ती नाही हो. साइटवर कुणी काय करायचं, ती भूमिका. आतापर्यंत सगळ्या किल्ल्या तुमच्याकडे होत्या. आता तुम्ही नुसते लेखक. लिहायचं आणि तपासायला पाठवायचं. संपादकानं मंजूर केलं की प्रसिद्ध होईल.”

“संपादक मी आहे.”

“साइटवर आई आहेत.”

साहेबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांची बायको चष्मा कपाळावर चढवून मटार सोलत होती.

“हिला कुठे जमतंय ते?”

“महिनाभर शिकवलंय मी. आणि वाचल्याशिवाय एक ओळ पुढे न सोडणारं घरात दुसरं आहे कोण?”

ते साहेबांनाही ठाऊक होतं. छापायच्या दिवसांत दर गुरुवारी ते प्रूफ मोठ्यानं वाचत आणि बायको हस्तलिखितावरून बोट फिरवत ताडून बघे. शब्द सुटला की बोट थांबायचं. मग साहेबही थांबत आणि म्हणत, “मला दिसलंच होतं.” बाहेरचं कुणी दुरुस्ती सांगायला आलं, तर मान वर न करता दोनच शब्द बोलत: “लिहून द्या.”

येत्या शनिवारी साप्ताहिकाला चाळीस वर्षं पुरी होत होती. त्या दिवसाचा अग्रलेख साहेब वर्षभर मनात घोळवत होते आणि तो स्वतःच्या हातानं प्रसिद्ध करायचा, एवढीच त्यांची हौस होती. गुरुवारी त्यांनी तो टाइप केला आणि नेहमीच्या बटणाकडे वळले. तिथे ‘प्रसिद्ध करा’ नव्हतं. ‘तपासणीसाठी पाठवा’ होतं. जन्मभर दुसऱ्यांचे कागद लाल करणाऱ्या माणसाचे कान त्या बटणापाशी लाल झाले. पण अडला हरी. त्यांनी ते दाबलं.

शुक्रवारी सकाळी लेख परत आला. खाली टीप होती: ‘दुसऱ्या परिच्छेदातील “एकट्याने” हा शब्द तपासावा.’

वाक्य होतं, ‘चाळीस वर्षे हा गाडा मी एकट्याने ओढला.’ साहेबांनी शब्दकोश काढला, खात्री केली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अगं, शब्द शुद्ध आहे.”

“शुद्ध आहेच,” बायको म्हणाली. “खरा आहे का, ते तपासा.”

साहेबांनी ‘पत्नीच्या मोलाच्या सहकार्याने’ असं घातलं आणि आपण फार दिलदार आहोत असं वाटून घेतलं. दुपारी लेख पुन्हा परत. ‘मोघम. सहकार्य म्हणजे नेमके काय, ते लिहावे.’ ही टीप तर त्यांचीच होती. वार्ताहरांच्या बातम्यांवर ते शब्दशः हीच लिहीत.

म्हणून ते नेमकं लिहायला बसले. मुलगा तापानं फणफणला होता, तेव्हाही तिचा एक हात त्याच्या कपाळावरच्या पट्टीवर होता आणि दुसऱ्याचं बोट हस्तलिखितावर. मंत्र्यांच्या नावातला घोळ तिनं पकडला होता आणि शाबासकी यांनी घेतली होती. लिहिता लिहिता साहेबांना स्वतःची लाज वाटली. वाक्यातला ‘गाडा’ गेला, ‘एकट्याने’ही गेलं. उरलं ते असं: ‘दर आठवड्याला हे साप्ताहिक आधी आम्ही दोघांनी वाचले, मग तुम्ही.’

शनिवारी सकाळी लेख जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. पण वर नाव एकट्या साहेबांचं होतं. ते त्यांना खुपलं. बदलायला गेले, तर प्रसिद्ध झालेल्या लेखाला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती.

“जुनी भूमिका परत देऊ का, बाबा?” सुनेनं विचारलं. “मिनिटभराचं काम आहे.”

“राहू दे,” साहेब म्हणाले आणि आत गेले.

“संपादकीणबाई, एक दुरुस्ती होती. लेखावर दोन नावं हवीत.”

“लिहून द्या,” बायको म्हणाली. मान वर केली नाही.

साहेबांनी कागद घेतला आणि मेजाशी बसून आपल्या नावाखाली वळणदार अक्षरात तिचं पूर्ण नाव लिहिलं. चाळीस वर्षं ‘अगं’वरच निभावलं होतं, छापण्यासाठी ते नाव लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. तिनं चष्मा खाली घेतला आणि कागदावरून बोट फिरवलं. तिच्या नावापाशी बोट थांबलं.

“वेलांटी,” ती म्हणाली. “दीर्घ हवी.”

साहेबांनी वेलांटी दुरुस्त केली. ‘मला दिसलंच होतं’ असं काही ते या खेपेला म्हणाले नाहीत.