अंगठ्याखालचा पत्ता

मी उलटं आधी वाचायला शिकले, सुलटं नंतर. आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यांवरून साचा काढायचा, साच्यात रबर तापवून दाबायचं आणि लाकडी मुठीला चिकटवायचं. खिळ्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी असतात. शाळेत जायच्या आधीपासून मी आप्पांच्या मांडीवर बसून ती वाचायचे. पहिलीच्या बाईंनी तक्रार केली की ही पोरगी पाटीवर सगळं उलटं लिहिते, तेव्हा आप्पांची छाती फुगली होती.

आप्पांनी मला दत्तक घेतलं तेव्हा मी सात महिन्यांची होते. हे त्यांनी कधीच लपवलं नाही. आई गेल्यावर एकदा जेवताजेवता तेच म्हणाले, "माझं आता वय झालं. तुझं आणखी कोणी असेल तर शोधून ठेव." मी आधी भडकले, दोन दिवस बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी अर्ज केला. मला जन्म देणारीचा पत्ता हवाय, एवढंच लिहिलं.

गंमत म्हणजे दत्तक नोंदींची कचेरी आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथले सगळे शिक्के आमचे. त्यामुळे शिक्के पोचवायला गेलं की अर्जाची चौकशीही करायची, असे माझे दीड वर्ष खेटे चालले होते. नोंदींच्या टेबलावरच्या कारकुनाला मी मनात 'दोन चष्मे' म्हणते. एक चष्मा कपाळावर, एक गळ्यात, आणि वाचायची वेळ आली की दोन्ही काढून कागद हातभर लांब धरायचा.

त्या दिवशी गेले तर त्यांनी आधी एक चिठ्ठी पुढे केली. "एक शिक्का पार झिजलाय. तसाच नवा करून द्या, गुरुवारपर्यंत." मी ती न बघता पर्समध्ये टाकली. शिक्क्यांत कुणाचं लक्ष होतं!

"माझ्या अर्जाचं काय झालं, साहेब?"

"ताई, तेच बघतोय." त्यांनी फाईल उघडली, झाकण माझ्या बाजूने उभं धरलं. "पत्ता द्यायचा तर त्यांचा संमतीचा नमुना भरून यायला लागतो. तो फाईलला नाही."

"मग त्यांच्याकडे पाठवा की नमुना."

"आपण पाठवायचं नसतं. घरात कुणाला माहीत नसलं तर? उगाच त्यांचा संसार उघड्यावर यायचा. त्यांनी स्वतः इथे येऊन मागितला, तर देतो."

"असा नमुना असतो हे त्यांना कोण सांगणार?"

"तेही आपण कळवायचं नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात त्यांनी दोन्ही चष्मे काढले आणि फाईलमधला सगळ्यात वरचा कागद डोळ्यांसमोर लांब धरला. त्यांच्या पाठीमागे खिडकी होती. कागद पातळ, वहीचा फाडलेला. मागून ऊन आलं आणि शाईची अक्षरं माझ्या बाजूला उलटी उमटली.

दुसऱ्या कुणाला तो नुसता निळा गिचमिडा दिसला असता. मी वाचत गेले.

'साहेबांना नमस्कार. हे नववं पत्र. उत्तर येत नाही, म्हणजे मुलीने अजून विचारलं नसेल. काही हरकत नाही. तिने विचारलं तर सांगा, मी तिला टाकली नव्हती, माझ्याकडून घेतली. माझा पत्ता खाली देते आहे.'

त्याखाली कारकुनाचा अंगठा होता.

मी वाकले, मान तिरकी केली, खुर्चीवरून अर्धी उठले.

"मान अवघडली का, ताई?"

"अंगठा काढा," मी म्हणाले.

"काय?"

"पत्त्यावरचा अंगठा काढा. हे तिचं नववं पत्र आहे. मी विचारत नाही असं वाटतंय तिला!"

त्यांनी कागद फाईलमध्ये कोंबला. त्यांची पाचावर धारण बसली होती. "तुम्ही कसं वाचलंत? ताई, माझी नोकरी जाईल. कृपा करून कुठे बोलू नका."

"ती संमतीच आहे ना? अजून काय लिहायला हवं तिनं?"

"पत्र म्हणजे नमुना नव्हे." मग आवाज खाली करून म्हणाले, "दर वर्षी एक यायचं. दोन वर्षं झाली, आलेलं नाही. मला वाईट वाटतं हो. माझ्या हातात असतं तर दिलं असतं."

हातात होतं त्यांच्या. मी आत्ताच बघितलं होतं.

मी रडले, भांडले, साहेबांच्या साहेबांच्या दारापर्यंत जाऊन आले. तेही हेच बोलले, फक्त जास्त गोड. रस्त्याने येताना एकच गोष्ट डोळ्यांपुढून जाईना. पत्राच्या कोपऱ्यात एक फिकट शिक्का होता, आणि त्याच्या चौकटीची एक रेघ तिरकी होती. ती रेघ मी कुठेही ओळखेन.

दुकानात आप्पांनी माझ्या पर्समधून चिठ्ठी काढली आणि वाचून हसले. "अगं, हा तर तुझा पहिला शिक्का! अकरा वर्षं टिकला की!" भिंतीवर त्यांनी त्याचा ठसा फ्रेम करून लावलाय. मी कुणाच्या मदतीशिवाय केलेलं पहिलं काम, तिरक्या रेघेसकट. 'दप्तरी दाखल.' म्हणजे वाचलं, ठेवून दिलं, पुढे काही करायचं नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे 'नऊ पत्रं' हे दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"पत्त्यातलं काहीच नाही दिसलं? गाव? गल्ली?"

"काही नाही."

त्यांनी स्टुलावर चढून फ्रेम उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. "हा मी करतो. तू हात लावू नकोस."

त्यांचे हात थरथरतात. त्यांच्याकडून खिळे सांडले, मी ते गोळा केले आणि मीच जुळवायला बसले. नाही म्हणून तरी काय होणार होतं? दुसऱ्या कुणीतरी करून दिलाच असता. आणि गिऱ्हाईक तोडलं असतं, तर त्या टेबलासमोर जायचं निमित्तही गेलं असतं.

संध्याकाळी शिक्का तयार झाला. कोऱ्या कागदावर मारून बघितला. या वेळी रेघ सरळ आली, अक्षरं ठसठशीत उमटली. आणखी अकरा वर्षं सहज टिकेल.