गिरधरनानांचा मुरगळलेला पाय

गुरुवारी नंदुरबारच्या एका मोठ्या दवाखान्यात स्वप्नालीची मुलाखत होती. जागा एकच, तीही तातडीच्या विभागात. नर्सिंगचा निकाल लागून जेमतेम महिना झालेला. तळोद्याजवळच्या त्यांच्या घरी मंगळवारी तयारी दोन तऱ्हांनी चालली होती. आत स्वप्नाली घोकत होती, "आधी श्वास, मग रक्तप्रवाह, मग शुद्ध..." आणि बाहेर ओट्यावर तिचे वडील हेमकांत गिरधरनानांना चहा पाजत होते. नाना गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्या दवाखान्याचे एक ट्रस्टी म्हणजे नानांचे व्याही!

"नाना, तुम्ही एक फोन करा, बस."

"करस ना! आपली पोर शे. आपला मानूसनं काम आपन नही करनार, तं कोन करी?"

मंडळी, खरं सांगा, असा एखादा फोन आपणही कधीतरी केलेला असतो ना?

तेवढ्यात शेजारच्या कौसाबाई आल्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेल्या सिस्टर. सारा गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणे. त्या म्हणाल्या, "फोन मंग करा नाना. आधी पोरीनी परीक्षा मी लेस. वं स्वप्ना, पुस्तक ठेव आनि भाईर ये!"

हां हां म्हणता ओट्याचा दवाखाना झाला. हेमकांतचं बोट विळ्यानं कापलं, असं ठरलं. नानांचा पाय मुरगळला. तिसरा रुग्ण हवा होता. धडगावकडच्या डोंगरातून तळोद्याला जीप चालवणारा करमसिंग पाणी प्यायला थांबला होता, त्यालाच कौसाबाईंनी धरलं आणि कानात काहीतरी सांगितलं. तो हसत हसत कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसला.

"चला, सुरू!"

"ओ माय वं! मन्हा पाय गया!" नानांनी असा हंबरडा फोडला, की समोरच्या घरातून दोन बायका धावत आल्या. "चेअरमन शे मी! कोनी देखस का नही?"

स्वप्नाली आधी नानांकडेच धावली. वयानं मोठे, मानाचे. पाणी दिलं, पाय उशीवर ठेवला, बर्फ लावायला सांगितलं. मग वडिलांच्या बोटाला पट्टी बांधली. शेवटी ती खांबाकडे वळली. करमसिंग जमिनीवर आडवा झाला होता.

"करमसिंगभाऊ, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही ताई," डोळे न उघडता तो म्हणाला, "मी मेलो."

सगळे खो खो हसले. स्वप्नालीही हसली, पण कौसाबाईंकडे पाहताच तिचं हसू मावळलं.

"छातीत कळ आणि अंगाला घाम, असं दुखणं मी त्याला दिलं होतं," कौसाबाई शांतपणे म्हणाल्या. आता त्या दवाखान्यातल्या मराठीत बोलत होत्या. "बेटा, तुला पाठ सगळं होतं. मग चुकलं कुठं?"

"नाना ओरडत होते... आणि ते मोठे आहेत."

"जो ओरडतो, त्याचा श्वास चालू असतो. जो गप्प बसलाय, त्याच्याकडं आधी पाहायचं. तातडीच्या विभागात मान वयाला नाही, ओळखीला नाही. ज्याचा जीव धोक्यात, तो पहिला!"

"वा रे वा! म्हनजे मी चेअरमन आठे बशी ऱ्हावू?" नाना फुरंगटले.

तेव्हा करमसिंग कपडे झटकत उठला. "नाना, आमची माणसं दवाखान्यात गप्पच बसतात. घरी आम्ही पावरी बोलतो. दुखणं मराठीत सांगता येत नाही. माझ्या मावशीला मी जीपनं खाली आणलं होतं. ती बाकावर बसून होती आणि ओळखीची चिठ्ठी आणलेली माणसं आत जात होती. एक सिस्टर आपणहून उठून आली, म्हणून मावशी वाचली."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "असा चिठ्ठ्या मी कितल्या दिन्यात!" ते पुटपुटले.

स्वप्नालीच्या मनात लख्ख उजेड पडला. "आणि नाना, तुमचा फोन? तोसुद्धा एक चिठ्ठीच की! माझ्यापेक्षा हुशार मुलगी बाकावर बसून राहील. फोन नको."

"येडी व्हयनी का?" हेमकांत ओरडले. "जागा एकच शे!"

"एकच आहे, म्हणून तर."

फोन झाला नाही! त्याऐवजी बुधवारभर ओटा पुन्हा गजबजला. करमसिंगनं तिला पावरीतले चार प्रश्न शिकवले: कुठं दुखतं, कधीपासून, श्वास लागतो का, आधी काही औषध घेतलं का. तिचे उच्चार ऐकून तो पोट धरून हसे आणि पुन्हा म्हणायला लावी.

गुरुवारी मुलाखतीला अकरा मुली होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा."

"सर, परवा आमच्या ओट्यावर मी एक माणूस मारला."

तिन्ही परीक्षकांचे पेन थांबले. मग तिनं सारं सांगितलं, काही न लपवता. ऐकता ऐकता डॉक्टर हसू लागले. "इथं कोणी ओळखीचं आहे?" त्यांनी शेवटी विचारलं. ट्रस्टींचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "ओळख आहे सर. पण ती वापरायची नाही, असं ठरवून आलेय."

शनिवारी दवाखान्यातून फोन आला. जागा तिलाच मिळाली होती! पेढे वाटायला सगळ्यांत पुढे गिरधरनाना होते. जो भेटेल त्याला सांगत होते, "मी फोन नही करा बरं का! पोरनी सोताना हिमतवर जागा लिनी!"

मित्रहो, रांगेत आपला नंबर पुढे सरकवणं आपल्याला हुशारी वाटते. पण प्रत्येक वेळी आपण पुढे सरकतो, तेव्हा कोणीतरी मागे ढकललं जातं आणि त्याला ओरडताही येत नसतं. दवाखान्यात कोणाची ओळख सांगण्याआधी बाकावर एकदा नजर टाकू या. आपल्यापेक्षा जास्त आजारी कोणी दिसलं, तर म्हणू या, "सिस्टर, आधी यांना बघा." एवढं जमलं, तर आपण खरे नागरिक!