पोटाखालचा पुठ्ठा

मी बोलतोय. इकडे, शेडच्या डाव्या कोपऱ्यात. लाल रंगाचा, म्हणजे रंग उरलाय तिथे लाल. या रोपवाटिकेचा छोटा ट्रॅक्टर. माझ्या पोटाखाली एक पुठ्ठा दिसेल, तान्ह्या बाळाखाली दुपटं अंथरतात तसा. तो कशासाठी आहे हे सांगायलाच आज तोंड उघडलंय, कारण त्या पुठ्ठ्यावरून मला नाही नाही ते ऐकावं लागलंय.

आधी माझी ओळख. शेतातले मोठे ट्रॅक्टर मला हसतात. हसू देत. कुंड्यांच्या दोन ओळींमधून, एकही कुंडी न फोडता, जाऊन दाखवा म्हणावं! कारखान्यात मी पहिल्याच किल्लीला सुरू झालो आणि पुढेही बहुतेक वेळा झालो. एखाद्या थंड सकाळी नाही झालो, तर माणसं टायरला लाथ मारतात. अडतं इंजिन, मार खातो टायर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मालकांनी मला आणलं तेव्हा घरामागे नुसतं गवत होतं. मालकीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "घरात बसायला धड खुर्ची नाही," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांनी चाकांची खुर्ची आणली!" पुढे मालक दिवसभर माझ्याच सीटवर दिसायला लागले, तेव्हा बाईंनी माझं नावच ठेवलं, सवत. "आली का माझी सवत फिरून?" असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या. माझा आवाज घोगरा, मिशा असत्या तर शोभल्या असत्या, पण नाव पडलं ते पडलं.

गवत कापलं, माती वाहिली, मागे ट्रॉली जोडून हजारो रोपं ओढली. मालक सुरू करायच्या आधी माझ्या बॉनेटवर दोनदा थाप मारत आणि म्हणत, "चल बाबा." एवढ्यावर मी खूश असायचो. मला फार लागत नाही.

मग मालकांचे गुडघे गेले. आता ते काठी टेकत, भिंतीला धरत शेडपर्यंत येतात. पण एकदा का सीटवर बसले, की थेट तळ्याकाठच्या झाडांपर्यंत जातात, स्वतःच्या हाताने फांदी वाकवून बघतात, कामगारांना चार शब्द सुनावतात. घरात सगळे त्यांना "जपून, जपून" म्हणतात. माझ्यावर बसल्यावर कोणाची हिंमत नाही. म्हणून सांगतो, माझं बंद पडणं म्हणजे नुसतं माझं बंद पडणं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच माझ्याखाली तेलाचे डाग पडायला लागले, म्हणून हा पुठ्ठा आला. मालकांचे चिरंजीव पाना घेऊन माझ्याखाली शिरले, खालचं सील बदललं, कपडे काळे केले, शिंका दिल्या. तरी डाग पडतच राहिले. उलट वाढले. वर मी पांढरा धूरही सोडायला लागलो. कपाळाला हात लावून चिरंजीव म्हणाले, "याचं इंजिनच गेलंय. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

खिडकीतून मला सगळं ऐकू येतं. त्या दुपारी मालक ताटावरून उठले. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, भात तरी खा." ते म्हणाले, "नको. आता कुठे जायचंय मला, एवढं खाऊन?"

मी घाबरट नाही. पण हे ऐकून वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी सूनबाई शेडमध्ये आली. रोपवाटिका आता तीच बघते. पदर खोचलेला, हातात रॉकेलचा डबा, ब्रश आणि जुनं फडकं. मागून चिरंजीव आले.

"अगं, मी सगळं करून बसलोय."

"गळतंय कुठून ते बघितलंस?"

"खालून!"

"खाली तर सगळंच पडतं. सुरू कुठून होतं ते विचारतेय."

मी मनातल्या मनात टाळी दिली.

तिने मला असं घासलं, असं घासलं, की मला माझाच मूळ रंग आठवला. खाचेखाचेतला मळ काढला, पुसलं, वाळू दिलं. मग ती घरात गेली आणि सासूबाईंच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन आली. माझ्या इंजिनावर वरपासून खालपर्यंत पावडर शिंपडली. मालकीणबाई ओरडतच धावत आल्या.

"अगं माझी पावडर! सवतीला नटवतेस होय?"

"आई, पांढऱ्यावर तेलाचा ओघळ लगेच दिसेल. थांबा जरा."

मालकही काठी टेकत येऊन दारात उभे राहिले. किल्ली फिरली. मी धडधडू लागलो, पावडर थोडी उडाली, चिरंजीवांना परत शिंका आल्या. सगळे वाकून बघत होते. माझ्याकडे इतक्या जणांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं, अगदी नवा होतो तेव्हाही नाही.

"ते बघा!" सूनबाई ओरडली.

ओघळ वर होता. इंजिन श्वास सोडतं त्या छोट्या नळीच्या तोंडातून तेल येत होतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे जात होतं आणि तिथून खाली. खालचं सील मात्र कोरडं ठणठणीत.

"म्हणजे सील तू बरोबरच बसवलं होतंस," ती नवऱ्याला म्हणाली. त्याची मान चांगली दोन बोटं वर झाली. मग तिने मला बंद केलं, थोडं थांबली, आणि तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात, कमी आणि भरपूर. तेल भरपूरच्याही कितीतरी वर!

"यात तेल कोण ओततं?"

मालकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मी," मालक म्हणाले. "सकाळी थोडं. गळतंय ना, म्हणून."

"मीपण टाकतो की," चिरंजीव म्हणाले. "पट्टी कशाला बघायची? डाग दिसतच होते."

"आणि बाकीचं?"

मालकीणबाई पदराशी चाळा करत होत्या. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता? घातलंय मी एवढंसं. रोजच. हे ह्याच्यावर बसून लांब तळ्यापर्यंत जातात. मध्येच बंद पडलं तर चालत कसे येणार?"

जिने मला जन्मभर सवत म्हटलं, ती सगळ्यांच्या नकळत मला पाजत होती! लाडाने पोर बिघडतं म्हणतात. मी लाडाने गळत होतो; पोटात न मावलेलं तेलच त्या नळीतून बाहेर सांडत होतं. खरं दुखणं सील बदललं तेव्हाच संपलं होतं. पुढचं सगळं या तिघांच्या मायेने झालं.

जास्तीचं तेल काढलं, नळी साफ केली. मी परत सुरू झालो. थोडा वेळ खोकलो, मग धूर विरला. पावडर पांढरीची पांढरी राहिली.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. फाटकाशी त्याला मालक भेटले, माझ्यावर बसूनच. "आमच्याकडे भंगार काही नाही," म्हणाले, आणि तो हात हलवत परत गेला. मग मालकांनी मागे वळून पाहिलं.

"अगं, बस ट्रॉलीत. तळं दाखवतो."

"मी? सवतीच्या मागे?"

"मग काय पुढे बसतेस?"

बाईंनी आधी माझी पट्टी काढली, पुसली, परत बुडवून खूण पाहिली आणि मगच साडी सावरत कुंड्यांमध्ये बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तळ्यापर्यंत दोघं एकमेकांशी भांडत गेले. मी मुद्दाम हळू चाललो.

आता मी ठणठणीत आहे. घरच्यांनो, माझ्यावर माया करा, हवी तेवढी करा, फक्त ओतायच्या आधी एकदा पट्टी बघा. आणि एक हात जोडून विनंती आहे. चार दिवस झाले, एक थेंब पडलेला नाही. तो पुठ्ठा काढा आता. येणारे-जाणारे बघतात हो!