तपकिरी कागदाची तबकडी

ठकीने सुई अलगद उचलली, तबकडी जराशी मागे फिरवली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. खाली ठेक्याचं धप्प धप्प चाललं होतं आणि वर एक बाई नुसताच आलाप घेत होती. शब्द एकही नव्हता.

"बाबा, ही झगमग आहे."

बाप खिडकीपाशी बसून कुणा आजीबाईंच्या कवळीच्या दाढा घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"काहीतरीच काय. तिचा आवाज असा असतो का?"

"सूर संपायच्या आधी ती नाकातून श्वास घेते ना, तसाच घेतलाय इथे. ऐका."

"नाही म्हटलं ना. तुला चुकीचं ऐकू आलं."

ठकी म्हणजे तेरा वर्षांची पोरगी, एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी. तिने तबकडी वेष्टनात घातली आणि स्वतःच्या कानाची पाळी ओढून पाहिली.

झगमग हे काही त्या गायिकेचं खरं नाव नव्हे. चौकाचौकातल्या फलकांवर, साबणापासून चपलांपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातींत जिचा चेहरा असतो, तिला तळघरवाल्यांनी ठेवलेलं ते नाव. तळघर म्हणजे एका टायरच्या दुकानाखालची लांबलचक खोली. महिन्यातून एका रविवारी दुपारी चार ते आठ ही मंडळी तिथे जमत, आपापल्या तबकड्या आणत आणि घामाघूम होईपर्यंत नाचत. बाजारात जे खपतं त्याला तिथे थारा नव्हता, आणि झगमगला तर मुळीच नव्हता. त्यांच्यातल्याच एका वायरमनने एकदा गंमत म्हणून तिचं गाणं लावलं, तेव्हा चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. तेव्हापासून वायरमन खुर्च्या लावतो, बिघडलेली बटणं दुरुस्त करतो, सगळ्यांशी हसून बोलतो. पण तबकडी लावायची पाळी त्याला पुन्हा मिळालेली नाही.

तळघरातली आणखी एक रीत अशी की तबकडीवरचं लेबल काढून टाकायचं. चांगला माल कुठून आणला ते दुसऱ्याला कळू नये म्हणून सगळेच लेबलं भिजवत आणि खरवडत. दुसऱ्याच्या तबकडीला हात लावायचा नाही, हा त्याला जोडून आलेला नियम. ठकीच्या बापाला तळघरात सगळे कवळी म्हणत, कारण तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देई. लेबल खरवडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मेण तासायची त्याची बारीक सुरी त्या कामी फार उपयोगी पडे.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याला ती तबकडी एका दुकानाच्या टाकाऊ ढिगात सापडली होती. एका बाजूला झगमगचं त्या वर्षी गल्लोगल्ली वाजलेलं गाणं. दुसऱ्या बाजूला कुणा अनोळखी वादकाने त्याच गाण्याचे शब्द काढून टाकून, तिचा आलाप तेवढा ठेवून बांधलेला सात मिनिटांचा नाच. दुकानातल्या हेडफोनमध्ये त्याने ती दुसरी बाजू ऐकली आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तबकडी त्याने दुसऱ्याच एका वेष्टनात घालून, चोरून आणावी तशी घरी आणली. रात्रभर बादलीत भिजवली, दोन्ही बाजू खरवडल्या आणि वर तपकिरी कागद चिकटवला. नाचाच्या बाजूला पेन्सिलीचा एक ठिपका दिला.

पुढच्या रविवारी ती वाजली तेव्हा घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. घड्याळजी म्हणजे तळघराचे कर्तेधर्ते. कधी न नाचणारे, कौतुकाच्या बाबतीत अतिशय कंजूष. त्या दिवसापासून प्रत्येक मैफलीचा शेवट कवळीच्या तपकिरी तबकडीने होऊ लागला. ही बाई कोण, यावर भरपूर खल झाला. घड्याळजींनी तर तिची अख्खी जन्मकथाच रचली: गरीब घरची असणार, एकदाच गायली असणार, मग संसाराच्या रगाड्यात नाहीशी झाली असणार. असा आवाज बाजारात टिकत नाही, असं ते दरवेळी म्हणत, आणि कवळी मान डोलावी. पहिल्यांदा डोलावताना त्याला लाज वाटली होती. पुढे सवय झाली.

ठकीला त्याने हौसेने सगळं शिकवलं होतं. एक तबकडी वाजत असताना दुसरीचा वेग तिच्याशी जुळवायचा, आणि तो यंत्रावरच्या आकड्यांकडे न बघता. कान सांगेल ते खरं, हे त्याचं पालुपद होतं. ठकीचे कान त्याच्याहून तयार होते. येत्या रविवारी तळघरात तिला तिच्या आयुष्यातली पहिली दहा मिनिटं मिळणार होती.

पण त्या दुपारपासून पोरगी दर जुळणीला विचारू लागली. जुळलं का? आता? नक्की? दोनच दिवसांत तिची नजर आकड्यांवर गेली.

"हिचं काय बिनसलंय?" ठकीच्या आईने विचारलं. "पूर्वी गुणगुणत बसायची. हल्ली नुसती विचारत असते."

कवळी हातातली कवळी दिव्यापाशी धरून पाहत राहिला. बिनसण्याचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि रोज वायरमनच्या खुर्च्या डोळ्यांसमोर येत. तळघर सोडलं तर त्याला नाव असं कुठेच नव्हतं. त्याने बनवलेले दात लोक हसताना दाखवत, पण ते बनवणाऱ्याला कोण ओळखणार?

रविवारी ठकी टेबलामागे उभी राहिली. पहिली तबकडी ठीक गेली. दुसरी आणताना तिने आकडे पाहिले, बापाकडे पाहिलं, पुन्हा आकडे पाहिले, आणि दोन ठेके जिन्यावरून भांडी गडगडावीत तसे एकमेकांवर आदळले. लोक सभ्य होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच वाईट झालं.

घड्याळजींनी तिला पाण्याचा पेला दिला. माणूस मायाळू होता, चेष्टाही मायेनेच केली.

"घरी झगमग ऐकतेस की काय गं? कान बिघडतील."

आजूबाजूचे हसले. ठकी पेल्यात बघत म्हणाली, "बिघडलेच आहेत, काका. मला तर बाबांच्या तपकिरी तबकडीतली बाईसुद्धा झगमगच वाटली होती."

मग जो हशा झाला, तसा तळघरात कितीतरी वर्षांत झाला नव्हता. घड्याळजींनी तर डोळे पुसले.

"कवळी, पोरीचे कान धुऊन आण बाबा."

ठकीही हसली, सगळ्यांबरोबर आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. ते हसू मात्र कवळीला सोसवलं नाही.

साडेसात झाले होते, म्हणजे शेवटची पाळी त्याचीच. त्याने तपकिरी तबकडी काढली, सवयीने पेन्सिलीचा ठिपका वर ठेवला, आणि क्षणभर थांबून ती उलटी केली.

त्या बाजूला एकोणीस वर्षांत सुई लागली नव्हती. खरखर अजिबात आली नाही. थेट गाणंच सुरू झालं, शब्दांसकट, त्या वर्षी प्रत्येक दुकानात वाजलेलं. माणसं थांबली. कुणीतरी हसायला गेलं आणि मध्येच राहिलं, कारण कडवं संपलं आणि तोच आलाप आला. सूर संपायच्या आधी नाकातून घेतलेला तोच श्वास.

वायरमनने हातातली खुर्ची खाली ठेवली.

घड्याळजी मान तिरकी करून उभे होते, बंद पडलेलं घड्याळ कानाला लावतात तसे. गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग पुढे होऊन सुई स्वतःच उचलली. दुसऱ्याच्या तबकडीला त्यांनी हात लावल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"एकोणीस वर्षं मान डोलावलीस," ते हळूच म्हणाले.

"हो."

"पुढच्या वेळी शेवट दुसरं कुणी करेल."

कवळीने मान हलवली. हेच होणार हे त्याला माहीत होतं. दोघेतिघे पिशव्या उचलून जिना चढून गेले. बाकीचे उभे होते, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

घड्याळजी ठकीकडे वळले. "तू कशावरून ओळखलंस?"

"श्वासावरून."

"कुठे येतो? दाखव बरं."

ठकीने एकदा बापाकडे पाहिलं. तो टेबलापासून बाजूला झाला होता आणि वायरमनबरोबर खुर्च्या आवरायला लागला होता. तिने तबकडी उलटली, ठिपक्याची झिजलेली बाजू वर घेतली. आकड्यांकडे न बघता, डोळे अर्धवट मिटून तिने सुई टेकवली. ती नेमकी त्या श्वासाच्या आधी पडली.

बरोबर आहे का, असं तिने कुणालाच विचारलं नाही.