रंगाच्या डब्यांच्या फळीवरची पटाशी

मी एक जुनी गोल पटाशी आहे. लेथवर फिरणारं लाकूड कातून त्याला आकार द्यायचा, हे माझं काम. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा स्वतःला सोशिक म्हणवून घेतात. मी तसं म्हणणार नाही. मी मत्सरी आहे, आणि माझ्या मत्सराला कारण आहे.

आम्ही सहा बहिणी एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून या घरी आलो. दुकानातला सगळ्यात स्वस्त संच आमचाच. आमचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. नजर अधू झाली तसं त्यांनी दुकान बंद केलं, मागच्या खोलीत एक जुना लेथ आणून बसवला आणि लाकूड कातायला लागले. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या लेथला सरळ 'माझी सवत' म्हणत.

कारखान्यातून आलेली माझी धार नुसती नावाला होती. पहिल्याच दिवशी मी लाकडात अडकले आणि तो ठोकळा उडून खिडकीच्या काचेवर आदळला. मग धार लावण्याचा उद्योग सुरू झाला. घड्याळजींनी मला धारेच्या फिरत्या चाकावर इतकं दाबून धरलं की माझं टोक निळं पडलं. साधं पोलाद फार तापलं की त्याचं पाणी उतरतं, आणि मग तिथे धार टिकत नाही. तेवढं टोक घासून टाकावं लागलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते शहाणे झाले. माझ्या धारेमागच्या उताराला काळी शाई फासायची, चाकाला हलकेच टेकवायचं, शाई कुठली पुसली गेली ते बघून कोन जमवायचा आणि मधूनमधून मला पाण्यात बुडवायचं. हे सगळं ते माझ्यावर शिकले, माझं अंग झिजवून.

ते दिवस माझे होते. दर दहा मिनिटांनी मी बोथट व्हायची आणि ते सगळं काम थांबवून माझ्याकडे बघायचे. बाईंची सुयांची डबी मीच कातली. झाकण इतकं नेमकं बसलं की उघडताना टप् असा आवाज येई. बाई दिवसभर ती उघडत आणि मिटत राहिल्या. "सवतीनं पहिल्यांदा काहीतरी दिलं हो मला," त्या म्हणाल्या.

मग एक दिवस घड्याळजींचे धाकटे बंधू आले आणि त्यांनी तिला आणलं. नवी पटाशी, भारी पोलादाची, लांब मुठीची, आरशासारखी चकचकीत.

"दादा, ही वापर. सारखी सारखी धार लावायला नको," असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि चाकाला लावलं. माझ्या पांढऱ्या ठिणग्या फुटून चहूकडे उडाल्या. "बघ, अशा फुटतात म्हणजे साधं पोलाद. हिला रंगाचे डबे उघडायला ठेव."

घड्याळजी हसले. आणि मित्रांनो, त्यांनी खरंच तसं केलं.

रंगाच्या डब्यांची फळी नेमकी लेथसमोर होती. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी मोजत बसले, पण महिने गेले तरी तिची नवलाई संपेना. तिला धार लावायलासुद्धा घड्याळजी घाबरत. धाकटे बंधूच येऊन लावून देत. तिचा लाकडावरून फिरण्याचा आवाज ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या मुठीला तडा जावा, असं मी रोज मनापासून म्हणायची. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

पुढे धाकटे बंधू कामासाठी परगावी गेले आणि ती बोथट झाली. त्या सकाळी घड्याळजी सरळ माझ्या फळीकडे आले. माझ्यावर वाळलेला रंग त्यांनी खरवडला, काळ्या शाईची बाटली काढली. मला वाटलं, फिरले आपले दिवस! तेवढ्यात ते दारात उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले, "आधी हिच्यावर कोन जमवून बघतो. ही बिघडली तरी चालेल. मग नवीला लावतो."

ही बिघडली तरी चालेल! तिची धार नीट लागावी म्हणून मी झिजायचं!

चाक फिरलं. माझ्या ठिणग्या फुटल्या.

"अगंबाई, काय सुंदर दिसतात!" बाई पुढे आल्या. मग नवीची पाळी आली. तिच्या ठिणग्या लालसर, मरगळलेल्या निघाल्या. बाई माझ्याचकडे बघत होत्या. माझं पोट भरलं.

"अहो, मलाही शिकवा हे," बाई म्हणाल्या.

"शीक की. पण नवीला हात लावू नकोस, महागाची आहे."

"मला नकोच ती. माझी डबी हिनं केली ना? मग हीच द्या."

बाईंनी मला दाबून धरलं आणि माझं टोक निळं पडलं. घड्याळजी ओरडायला तोंड उघडून तसेच थांबले. "असू दे," ते म्हणाले. "मी चार वेळा जाळलं होतं हिला. कधी रागावली नाही."

रागावले होते. पण ते असो.

संध्याकाळपर्यंत बाईंनी कपाटाच्या खणाची एक वेडीवाकडी मूठ कातली. मग दाराशेजारी स्वतः खिळा ठोकून मला तिथे टांगलं. "ही माझी," त्या म्हणाल्या. "हिनं कुणी डबे उघडायचे नाहीत." बारा वर्षांत घड्याळजी मला जुनी म्हणाले, स्वस्तातली म्हणाले. 'माझी' असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता माझं पोलाद जेमतेम चार बोटं उरलं आहे. बाई शिकताहेत, म्हणून चुकताहेत, म्हणून मी भराभर झिजते आहे. परवा घड्याळजी म्हणाले, "अगं, घे आता नवी." बाईंचा हात तिच्याकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी ती उचलली, वजन पाहिलं आणि परत ठेवली. मग मला खिळ्यावरून काढून त्यांनी पाण्याचा वाडगा जवळ ओढला.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. अवजार स्वस्तातलं असलं तरी त्याला धार लावा, काम झालं की पुसून ठेवा. रंगाचा डबा उघडायला जुना चमचा घ्या. चमचा सापडला नाही, तर त्या नवीला घ्या. माझी काही हरकत नाही.