लेन्स नसलेला फोटो

खोटं तुम्ही बोललात, साहेब. वलवणातल्या विहारासमोर ओढा कधी नव्हताच, हे तुम्ही पंख्याखाली बसून, चहाचा घोट घेता घेता बोललात. वर यशोधरेच्या फोटोला बनावट म्हणालात. आता तो फोटो कसा निघाला ते ऐका. मध्ये बोलू नका.

यशोधरेचा बाप श्रीपती लोणावळ्याच्या बाजारात स्टुडिओ चालवायचा. त्याच्याकडं रुंद फिल्मचा जाडजूड कॅमेरा होता, पोटाशी धरून वरून डोकावायचा. लग्न झाल्यावर पहिला फोटो त्यानं बायकोचा काढला, विहाराच्या दगडी ओट्याच्या अगदी कडेवर उभं राहून. फोटोत शालन गुडघाभर पाण्यात उभी आहे, शेजारी धुण्याचा धोंडा, मागं डोंगराची कड. ती हसतेय, कारण कॅमेऱ्यात डोकावणारा नवरा ओट्यावरून खाली यायच्या बेतात होता.

तो ओढा बुजवून तिथं बंगले उठले. कंपाउंडची भिंत उठली. पाण्याला कुणी विचारलं नाही, म्हणून पाण्यानंही कुणाला विचारलं नाही. पावसाळ्यात ते सरळ शालनच्या स्वयंपाकघरात येतं. ती शेगडी पलंगावर ठेवून भाकऱ्या थापते. शेजारच्या कैलासचं भाताचं खाचर तर तळंच होतं.

यशोधरा तळेगावच्या कंपनीत नोकरीला. रजा टाकून सरकारी कचेरीत गेली, ओढा मोकळा करा म्हणत जुना फोटो पुढं ठेवला. साहेब म्हणाले, म्हणजे तुम्हीच, "हे वलवणच कशावरून? त्याच जागेवरून आत्ताचा काढून आणा. जुळला तर बघू."

श्रीपतीच्या कॅमेऱ्याचा डबा कधीच निकामी झाला होता. लेन्स मात्र कापसात ठेवल्यासारखी. यशोधरेनं अडॅप्टर आणलं आणि बापाची लेन्स आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला चढवली. लेन्स तीच, ओटा तोच, मग फोटो जुळणारच की! पण डोळा लावला तर चौकटीत नुसता मधला तुकडा. भिंतीचं बूड आलं तर डोंगर अर्धा.

"मावत न्हाई?" श्रीपती म्हणाला. "मग मागं सर की. त्यात काय येवढं?"

स्टुडिओत उभा जन्म त्यानं हेच केलं होतं. वऱ्हाड मावलं नाही, मागं सर. यशोधरा ओट्यावरून उतरली, पार रस्त्यापर्यंत गेली. सगळं मावलं. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. जुन्यात डोंगर धोंड्याच्या मागं लहानसा, नव्यात भिंतीच्या डोक्यावर बसलेला. जुळत नाही, म्हणाले. त्या दिवशी साहेबांचं खरं होतं. तेही कबूल.

श्रीपती दोन दिवस धड जेवला नाही. कैलास येऊन त्याच्याशेजारी टेकला.

"भाऊ, तुमी जलमभर सोताहून मागं सरला. आता सरकार तुमाला सारतंय."

"गप रं. तुजं खाचार बुडालंय आन तुला इनोद सुचतोय!"

"मग काय रडू? तितं आदीच लय पानी हाय."

यशोधरा हसली नाही. तिला उलगडा झाला होता. ही लेन्स रुंद फिल्मसाठी घडवलेली. आत भलंमोठं गोल चित्र पाडते. नवा कॅमेरा छोटा, तो मधलं तेवढंच उचलतो. भाकरी अख्खी होती, आपणच मधला घास खाऊन उठलो. मागं सरलं की जवळचं बारीक होतं, डोंगर तेवढाच राहतो; म्हणून मागं सरायचंच नाही. लेन्स जागेवर घट्ट धरायची आणि तिच्या मागं कॅमेरा डावी-उजवीकडं सरकवायचा.

तसलं सरकतं अडॅप्टर तिनं पुण्याहून आणलं. लेन्स स्टँडला आवळली, ओट्याच्या कडेवर, बापाचे पाय होते तिथंच. लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र बारीक केलं की चौकटीत अंधार होतो, म्हणून आधी ते उघडं ठेवून नजर जुळवायची, मग लेन्सवरचं कडं फिरवून बारीक करायचं.

"ह्ये माज्याकडं सोड," श्रीपती म्हणाला. त्याची बोटं कड्यावर न बघता फिरली.

डावा तुकडा, मधला, उजवा. घरी येऊन तिन्ही जोडले. डोंगराची कड जुन्या फोटोशी दाताला दात लागावा तशी बसली. नव्या फोटोत ओढा नव्हता. शालन होती तिथं बंगल्याचं गेट होतं. पण भिंतीच्या बुडातून धुण्याचा धोंडा अर्धा बाहेर आलेला होता. तेवढा बंगलेवाल्यांना गिळता आला नव्हता.

शालननं गेटावर बोट ठेवलं. "मी हितं हुते. ह्याच्याखाली."

यशोधरेनं कचेरीत काही लपवलं नाही. लेन्स कुठली, तुकडे किती, सगळं आपणहून सांगितलं. साहेबांनी फाईल कॉम्प्युटरवर उघडली आणि खुशीत आले.

"मॅडम, लेन्सचा रकाना रिकामा. छिद्राच्या जागी शून्य. या फोटोला लेन्सच नाही!"

"हातानं फिरवायची जुनी लेन्स आहे साहेब. तिला वायर नाही, ती कॅमेऱ्याला नाव सांगत नाही."

"आणि वर तीन तुकडे जोडलेत."

"हो. मीच सांगितलं तुम्हाला."

"मग बनावटच झाला ना."

साहेबांच्या डोक्यामागं गावाचा नकाशा टांगला होता. चार कागद चिकटपट्टीनं जोडलेला, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. यशोधरेनं तिकडं हात केला.

"आणि हा?"

"तो सरकारी आहे."

म्हणजे तुमचा जोड खरा, तिचा जोड खोटा! खरं सांगणारीला खोटं ठरवायला तुम्हाला तिनंच सांगितलेलं खरं पुरलं. यशोधरेनं आवाज चढवला नाही. तिनं पिशवीतून कॅमेरा काढला, बापाची लेन्स चढवली आणि तो टेबलावर ठेवला.

"फोटो राहू द्या. तुम्ही चला, ओट्यावर उभे राहा, स्वतःच्या डोळ्यानं बघा."

"मला वेळ नाही." साहेबांनी बेल दाबली.

शिपाई दारात आला. यशोधरा उठली नाही. तिनं जुना फोटो उचलला आणि साहेबांच्या चहाच्या कपापुढं उभा धरला. गुडघाभर पाणी. वर खोचलेलं लुगडं. हसणारी शालन.

"ओढा नव्हता म्हणता ना, साहेब? मग सांगा, माझी आई कशात उभी आहे?"